ओतूरची भाऊबीज

पुण्याहून नारायणगावकडे जाताना एस.टी.च्या खिडकीतून आधी कांद्याची शेते दिसतात, मग द्राक्षांचे मांडव आणि मग दोन्ही अंगांना ऊसच ऊस. इतरांचे डोळे त्याने निवतात. मी मात्र 2023 च्या वसुबारसेला त्या रस्त्याने निघालो तो खिडकीची काच ओढून घेऊन.

कारण सांगायला हवे. 2021 च्या दिवाळीत दाजींच्या मोटारसायकलवर मागे बसून मी ओतूरहून त्यांच्या मळ्यात चाललो होतो. तिन्हीसांजा झाल्या होत्या. उसातून काहीतरी पिवळे सुटले आणि माझ्या पोटरीत नखे रुतली. दाजींनी गाडी थांबवली नाही, म्हणून आज हे लिहितो आहे. चौदा टाके, रेबीजच्या लसी, वन खात्याची भरपाई, सारे यथासांग झाले. जखम महिन्यात भरली. पण पुण्यात रसवंतीचे घुंगरू वाजले, ओल्या चिपाडांचा वास आला, की माझे पाय थिजत आणि मी रस्ता बदली. रसवंतीवाल्याची माझ्याकडे उधारी थकली आहे की काय, असे आमच्या मंडळींना वाटू लागले!

मधल्या भाऊबीजेला ताईच पुण्याला आली. ओवाळताना तिची नजर माझ्या पायाकडे. आपल्या दारात हे घडले, हे तिने मनाला लावून घेतले होते. तेवढ्यासाठी मी निघालो.

कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी या भागाला पाणी दिले, पाण्याने ऊस आणला आणि उसाने बिबट्याला घर दिले. वर्षभर दाट आडोसा, हाताशी कुत्री नि डुकरे. माद्या उसातच वितात. या शतकाच्या आरंभी इथले बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्याने हल्ले कमी न होता वाढले, असे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. वाचून मला पटले होते. पोटरीला पटले नव्हते.

मळ्यावर कामाला येणारे ठाकर समाजातले एक बाबा त्या दिवशी लवकर घरी निघाले. आपली वसुबारस ती त्यांची वाघबारस. वाघोबाला खिरीचा नैवेद्य. मी जरा तिखटपणेच विचारले, "बाबा, ज्यानं मला धरलं त्याला खीर?"

बाबा हसले नाहीत. "धरलं नि सोडलं ना? मंग औंदाबी सोड, आसं त्याला सांगाय नको?"

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री पाचटाची सळसळ ऐकत मी जागाच होतो. पण दिवा मात्र मालवलेला होता.

स्टँडवर मला घ्यायला दाजी शेजाऱ्याची जीप घेऊन आले होते. गाडी नादुरुस्त असेल, असे मी धरून चाललो. भाऊबीजेला करंज्या तळता तळता ताई म्हणाली, "त्या दिवसापासून मागं कुणाला बसवत नाहीत रे. मलासुद्धा नाही." दोन वर्षे मी भीती ही माझ्या एकट्याची इस्टेट समजत होतो!

निघायच्या दिवशी दाजी जीप मागायला उठले. मी म्हणालो, "दाजी, आपली गाडी काढा."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग मुकाट्याने किल्ली आणली. उजाडून दोन तास झाले होते. त्या वळणावरचा ऊस अजून उभाच होता. तिथे माझ्या हातांनी त्यांचा सदरा घट्ट पकडला. त्यांनी मागे वळून पाहिले नाही, वेगही वाढवला नाही. फक्त मोठमोठ्याने कांद्याच्या भावाबद्दल बोलू लागले, ते स्टँड येईपर्यंत.