बायबलच्या उंबऱ्याशी

चि. भाचीस,

तुझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनी विचारलेला प्रश्न पत्रात वाचला. 'तोमाचं शुभवर्तमान आहे, पेत्राचं आहे, मग बायबलमध्ये चारच का? बाकीची कुणी लपवली?' त्याखाली तू स्वतःचाही प्रश्न जोडलास, की आज ती पुस्तकं पवित्र शास्त्रात घ्यायला हरकत काय. फोनवर दोन वाक्यांत संपणारं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आज आपल्या हातात असलेला सत्तावीस पुस्तकांचा नवा करार नेमका तसा पहिल्यांदा दिसतो तो एका पत्रात. अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस इजिप्तमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांना दरवर्षी ईस्टरची तारीख पत्राने कळवत. ३६७ सालच्या पत्रात त्यांनी पुस्तकांची यादीही दिली. मुलांच्या कानावर आलेली गोष्ट वेगळी असते: सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकायाची परिषद भरवली आणि तिथे मतं घेऊन नको ती शुभवर्तमानं बाद केली. त्या परिषदेचे वीस नियम आज वाचायला मिळतात. बिशपांच्या नेमणुकांपासून धर्मगुरूंनी व्याजबट्टा करू नये इथपर्यंत त्यांत बरंच काही आहे. बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत, याबद्दल एकही नियम नाही.

अथनासियस यांच्या यादीच्या पुढचा मजकूर मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. सत्तावीस नावं झाल्यावर ते आणखी काही पुस्तकं सांगतात. ही शास्त्रात मोडत नाहीत, पण नव्याने श्रद्धेत येणाऱ्यांनी वाचावीत म्हणून पूर्वजांनी नेमून दिली आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांत 'दिदाखे' म्हणजे प्रेषितांची शिकवण आहे, हर्मासचा 'मेंढपाळ' आहे. शिवाय एस्तेर, यूदीथ, तोबित हीदेखील आहेत, जी आज आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहेत. त्या काळी शास्त्र आणि पाखंड यांच्या मध्ये वाचनीय पुस्तकांची एक मानाची जागा होती. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: ही पुस्तकं शास्त्रात घेऊ नयेत, पण ती गेलेली जागा त्यांना परत मिळावी.

हर्मासचंच बघ. हा रोममधला एकेकाळचा गुलाम. त्याला दृष्टान्त होतात. एक म्हातारी भेटते; ती म्हणजे ख्रिस्तसभा, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ती अधिकाधिक तरुण दिसते. पाण्यावर एक बुरूज बांधला जात असतो, त्याचे दगड म्हणजे माणसं. नाकारलेल्या दगडांपैकीही काही पुन्हा घडवून घेतले जातात. बाप्तिस्मा झाल्यावर हातून मोठं पाप घडलं तर देवाकडे परतायची वाट उरते का, या काळजीने त्या काळचे लोक पोखरले होते. हर्मासने त्यांना सांगितलं, उरते. त्या आशेपायी हे पुस्तक घराघरात गेलं असणार. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या सुरुवातीच्या शतकांतल्या पपायरसांमध्ये मार्कच्या शुभवर्तमानापेक्षा हर्मासचे तुकडे जास्त आहेत. लिओंचे बिशप आयरेनियस यांनी १८०च्या सुमारास त्यातलं वचन शास्त्रवचन म्हणून दिलं. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरीनच्या मठात जपलेलं चौथ्या शतकातलं बायबल आज बहुतांशी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात प्रकटीकरणानंतर बर्णबाचं पत्र येतं आणि त्यानंतर हर्मास.

इतकं असूनही तो बाहेर का राहिला? मुरातोरी नावाच्या इटालियन विद्वानाने १७४० साली एक जुनी लॅटिन यादी छापली. मिलानच्या अँब्रोझियन ग्रंथालयातलं हे हस्तलिखित. मूळ यादी अनेक अभ्यासक दुसऱ्या शतकाच्या अखेरीची मानतात. तिच्यात हर्मासविषयी कारणासकट निर्णय आहे. हे पुस्तक अगदी अलीकडे, आपल्याच काळात लिहिलं गेलं. म्हणून ते वाचावं जरूर, पण प्रार्थनासभेत संदेष्ट्यांच्या किंवा प्रेषितांच्या लेखनासोबत वाचू नये. या निर्णयात तुच्छता नाही. ज्यांनी येशूला पाहिलं त्यांची साक्ष एकीकडे, आणि ती साक्ष ऐकून जगलेल्या माणसाचं मनन दुसरीकडे, एवढाच भेद तो करतो. मला तो पटतो.

यावर तुझ्या वर्गातलं एखादं चौकस पोर विचारेल, मग पेत्राचं दुसरं पत्र? ते पेत्राने लिहिलेलं नाही, पुष्कळ उशिराचं आहे, असं आज बहुतेक अभ्यासक म्हणतात. आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकू नकोस. चौथ्या शतकात इतिहासकार युसेबियस यांनीही हे पत्र वादग्रस्त पुस्तकांत घातलं होतं. सिरियाक ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पेशित्ता बायबलात ते नव्हतं, यहूदाचं पत्र नव्हतं, प्रकटीकरणही नव्हतं. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हनोखाचं पुस्तक आजही शास्त्र आहे, आणि यहूदाच्या पत्रात त्याच हनोखाचं वचन आलेलं आहे. सीमारेषा सगळीकडे एकाच जागी पडलेली नाही. पण ती एका रात्रीत, एका माणसाच्या हुकुमानेही पडलेली नाही. शंभर गावांच्या मंडळ्यांनी दोन-तीनशे वर्षं मोठ्याने वाचून, ऐकून, वाद घालून ती ठरवली. एखाद्या पत्राच्या लेखकाविषयी आजच्या संशोधनाने शंका आली म्हणून ते काढायचं, किंवा एखादं हस्तलिखित नव्याने सापडलं म्हणून ते घालायचं, असं सुरू झालं तर दर पिढीला नवं बायबल छापावं लागेल.

लपवण्याच्या आरोपाला उत्तर म्हणून मुलांना सेरापियन यांची हकिगत सांग. हे दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे अंत्युखियाचे बिशप. किनाऱ्यावरच्या रोस्सुस गावातल्या मंडळीत पेत्राच्या नावाचं शुभवर्तमान वाचायचं की नाही, यावरून कुरबुर चालली होती. सेरापियन यांनी पुस्तक न पाहताच वाचायला परवानगी दिली. पुढे कुणकुण लागली तेव्हा ज्यांच्यात ते वापरात होतं त्यांच्याकडूनच प्रत मिळवली, सबंध वाचली आणि गावाला पत्र लिहिलं: बहुतांश मजकूर ठीक आहे, पण काही भर नंतर घातलेली आहे, ती अशी अशी. प्रेषितांचं नाव खोटंच लावून आलेलं काहीही आम्ही स्वीकारत नाही, हेही स्पष्ट केलं. १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीम इथे एका कबरीत त्या शुभवर्तमानाचा एक भाग सापडला. त्यात येशू थडग्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचं डोकं आकाशाच्याही वर पोचलेलं असतं, मागून क्रूस चालत येतो आणि आकाशवाणीला तो क्रूस उत्तर देतो. आपल्या चारही शुभवर्तमानांत पुनरुत्थानाचा प्रत्यक्ष क्षण कुणीच वर्णिलेला नाही. रिकामं थडगं, घाबरलेल्या स्त्रिया, आणि नंतरच्या भेटी. मला त्या संयमात जास्त खरेपणा जाणवतो.

आता तोमाचं शुभवर्तमान, ज्याचा आज सर्वाधिक बोलबाला आहे. १९४५ साली इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेतल्या ज्या वह्या सापडल्या, त्यांत ते संपूर्ण मिळालं. गोष्ट नाही, वधस्तंभ नाही, फक्त येशूची ११४ वचनं. काही वचनं फार जुनी असू शकतात. अभ्यासाच्या दृष्टीने हा खजिनाच आहे. पण शेवटचं वचन तू स्वतः वाच. पेत्र म्हणतो, मरियेने आपल्यातून जावं, स्त्रिया जीवनाला पात्र नाहीत. येशू तिला घालवत नाही, पण म्हणतो की तिला पुरुष करून स्वर्गाच्या राज्यात नेईन. हे शास्त्र झालं असतं तर उद्या मिस्सेत तुझ्यासमोर वाचलं गेलं असतं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी शिकवू नये, शांत राहावं असं आहे, आणि त्या वचनाशी ख्रिस्तसभा अजून झगडते आहे. कारण ते शास्त्रात आहे, त्याला वळसा घालून जाता येत नाही. शास्त्र म्हणून मानणं म्हणजे स्वतःला बांधून घेणं. बाहेरच्या पुस्तकावर प्रेम करताना त्याच्याशी असहमत होण्याची मुभा राहते.

तेक्ला तुझ्या मुलींना नक्की आवडेल. 'पौलाची कृत्ये' या दुसऱ्या शतकातल्या पुस्तकाची ती नायिका. इकुन्याची ही मुलगी पौलाचं प्रवचन खिडकीत बसून ऐकते, ठरलेलं लग्न मोडते, श्वापदांपुढे टाकली जाते तेव्हा पाण्याच्या कुंडात उडी घेऊन स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा करते, आणि पुढे देवाचं वचन शिकवत फिरते. प्राचीन ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सांगतात की आशियातल्या ज्या धर्मगुरूने हे रचलं, त्याने पौलावरच्या प्रेमापोटी लिहिल्याची कबुली दिली आणि त्याला पद सोडावं लागलं. पुस्तक नाकारलं गेलं, तेक्ला नाही. सेलूकियात तिचं तीर्थस्थान उभं राहिलं आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची यात्रेकरू बाई दूर पश्चिमेकडून तिथे पोचली. तिथे तिने तेक्लाची कृत्यं वाचल्याची नोंद तिच्या प्रवासवर्णनात आहे.

असंच एक पुस्तक आपल्या अंगणापर्यंत आलेलं आहे. येशूची आई मरिया हिच्या आईवडिलांची नावं कोणती, हे कुणालाही विचार. आन्ना आणि योआकिम, असं लहान मूलही सांगेल. पण बायबलमध्ये ही नावं कुठेही नाहीत. ती येतात दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर असलेल्या बाल-शुभवर्तमानातून. त्यात आन्ना निपुत्रिक आहे. ती बागेत झाडावर पाखरांचं घरटं पाहते आणि आपली कूस उजवत नाही म्हणून टाहो फोडते. गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीच्या सांतान चर्चमध्ये जुलैअखेरीस तवशांचं फेस्त भरतं; मूल व्हावं म्हणून जोडपी संत आन्नेला काकड्या वाहतात. तो सबंध सण, ती सबंध श्रद्धा शास्त्राबाहेरच्या एका पुस्तकातून उगवलेली आहे. सहाव्या शतकातल्या एका लॅटिन यादीने याकोबाच्या नावाचं शुभवर्तमान टाकाऊ ठरवलं होतं. बालपणी मरियेला मंदिरात अर्पण केल्याचा सण त्याच पुस्तकातला. पोप पाचवे पायस यांनी तो काढून टाकला आणि सिक्स्टस पाचवे यांनी १५८५ साली पुन्हा सुरू केला. लोकांच्या भक्तीने मधली जागा कधी पूर्ण सोडलीच नाही. ती उघडपणे मान्य करण्यात अवघडण्यासारखं काही नाही.

संत तोमा भारतात आला ही कथा सांगणारं 'तोमाची कृत्ये' हे पुस्तक तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिलं गेलं. गुंदाफर राजा तोमाला राजवाडा बांधायला पैसे देतो, तोमा ते गरिबांना वाटून टाकतो आणि म्हणतो, तुझा वाडा स्वर्गात बांधला. हा राजा कल्पनेतला वाटत होता; एकोणिसाव्या शतकात वायव्य भारतात गोंडोफारेसची, म्हणजे याच गुंदाफरची, नाणी सापडली. पण याच पुस्तकात येशू नवविवाहित जोडप्याला पहिल्याच रात्री संसारसुख सोडायला लावतो. या नाण्यांमुळे पुस्तक शास्त्र ठरत नाही, आणि शास्त्र नाही म्हणून नाण्यांची साक्ष खोटी पडत नाही.

आता पर्पेतुआ. कार्थेजची ही बावीस-एक वर्षांची बाई, अंगावर पिणारं मूल असलेली. २०३ साली श्वापदांपुढे टाकली जाण्याआधी तिने तुरुंगात स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलं: बापाच्या विनवण्या, दुधाने भरून आलेली छाती, काशाच्या शिडीचं स्वप्न आणि शिडीच्या पायाशी पडलेला अजगर. तिच्याबरोबर फेलिसिता ही गुलाम स्त्री होती, जी तुरुंगातच बाळंत झाली. ख्रिस्ती बाईने स्वतः लिहिलेलं इतकं जुनं लेखन आपल्याकडे दुसरं जवळजवळ नाही. ३९७च्या कार्थेजच्या परिषदेने शास्त्रातल्या पुस्तकांची यादी सांगितली आणि त्याबरोबर मुभा दिली की हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी त्यांच्या हकिगती चर्चमध्ये वाचाव्यात. संत ऑगस्टिन यांनी पर्पेतुआच्या सणाला प्रवचनं केली. आणि एका वादात कुणी तिच्या लेखनाचा पुरावा दिला तेव्हा, हे काही शास्त्र नव्हे, असंही सांगितलं. एकाच माणसाने दोन्ही गोष्टी केल्या आणि त्याला त्यात विसंगती वाटली नाही.

सात मार्चला पर्पेतुआ आणि फेलिसिता यांचा सण असतो. त्या आठवड्यात वर्गात पर्पेतुआची हकिगत मराठीत सांग, मोठ्या मुलींना काही भाग वाचायला दे. त्यानंतर 'दिदाखे' घे. सोळा छोटे अध्याय, एका बैठकीत होतात. १८७३ साली फिलोथेओस ब्रिएनिओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका जुन्या पोथीत ते सापडेपर्यंत जग त्याला केवळ नावाने ओळखत होतं. वाहतं पाणी नसेल तर बाप्तिस्मा कसा द्यायचा, बुधवारी आणि शुक्रवारी उपास, भाकर मोडतानाच्या प्रार्थना असं सगळं त्यात आहे. तीन दिवस मुक्काम ठोकणारा किंवा पैसे मागणारा फिरता प्रेषित खोटा समजावा, हा नियम मुलांना फार आवडेल. हर्मास लांबलचक आहे, तो सुट्टीत वाचा. तोमाचं शुभवर्तमान मोठ्या मुलांबरोबरच घे, आणि शेवटचं वचन वगळू नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा