फॉरमॅट मारण्याआधी

प्रिय कॉम्प्युटर,

स. न. वि. वि. तू अकरा वर्षांचा, म्हणजे खरं तर मी आशीर्वाद लिहायला हवेत. पण तुमच्या कुळात अकरा म्हणजे आजोबाच, तेव्हा नमस्कारच बरा.

गणपतीच्या सुमारास तू बंद पडायला लागलास. निळा पडदा नाही, काही संदेश नाही. फॅन एकदम गप्प, मॉनिटर काळा, आणि दोन सेकंदांनी आपला आपणच पुन्हा सुरू. मेकॅनिकने तुझं झाकणही न उघडता निदान केलं: "विंडोज करप्ट झालीय काका, फॉरमॅट मारू. डी ड्राइव्हला हात लावत नाही." पाचशे रुपये. चार दिवस तू शहाण्यासारखा वागलास, पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मग दुसरा फॉरमॅट, या खेपेला अँटीव्हायरससकट.

तिथेच माझं चुकलं. विंडोज बिघडली की बहुधा काहीतरी बरळून मरते, निळ्या पडद्यावर एखादा कोड तरी टाकून जाते. तू तर लाइट गेल्यासारखा जात होतास. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी एकच नोंद: कर्नल-पॉवर 41. यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच तिचा अर्थ. का, ते ती सांगत नाही, नुसता पंचनामा.

शेवटी मीच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आधी ठरवलं. प्रोसेसरच्या फॅनखालून धुळीची अक्षरशः गोधडी निघाली. तापमान उतरलं, रोग कायम. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवला आणि रात्रभर मेमटेस्ट लावली. सकाळी चुका शून्य.

वर्मावर बोट ठेवलं ते लेकीने. "बाबा, गेम सुरू केला की हा जातो. तुमच्या एक्सेलला कधीच जात नाही." म्हणजे ग्राफिक्स कार्डाने जास्त वीज मागितली की तू मान टाकत होतास! मल्टिमीटर लावला. 12 व्होल्टच्या पिवळ्या वायरवर एरवी 11.8, गेम सुरू होताच 11.1. पाच टक्के सूट धरली तरी 11.4 च्या खाली उतरता कामा नये. तुला वीज पुरवणारा एसएमपीएस थकला होता, बाकी तू ठणठणीत. (त्याचा डबा मात्र कुणी घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देऊ शकतात.) तपकीर गल्लीतून नवा आणला, अर्ध्या तासात बसवला. महिना झाला, तू एकदाही पडला नाहीस.

कळावे, लोभ असावा.

ता. क. डी ड्राइव्ह शाबूत आहे. आईच्या पंच्याहत्तरीचे फोटो डेस्कटॉपवर होते. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो.