चारचा अपवाद

'नियमाला अपवाद असायचाच,' असं म्हणून आपण मुलांचे कितीतरी प्रश्न मिटवून टाकतो. माझ्या भाचीने मात्र हे उत्तर मानलं नाही.

ती दहावीत होती. पुढे सायन्सला घालावं की नाही, यावर भाईजान अडून बसले होते. "पाठांतर चांगलं आहे तिचं, पण गणित झेपायचं नाही," असं त्यांचं म्हणणं. सुट्टीत मी तिला संख्यांचा एक खेळ दिला. कोणतीही संख्या घे. एकपासून तिच्या आतल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार कर आणि त्याला त्या संख्येने भाग.

पाच घेतले तर १ × २ × ३ × ४ = २४; पाचाने भागून बाकी ४. साताला गुणाकार ७२०, बाकी ६. मूळ संख्या असली की बाकी तिच्याहून एकने कमी. संयुक्त संख्या असली की भाग पुरा जातो: सहाला १२०, आठाला ५०४०, नवाला ४०३२०. तिने बारापर्यंत करून पाहिलं. फक्त चार आडवा आला. १ × २ × ३ = ६, बाकी २.

"फुप्पी, चारच का?"

मी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी तिनेच आणलं. "सहा म्हणजे दोन गुणिले तीन. दोन्ही सहाच्या आतले, म्हणून गुणाकारात येतातच. नऊ म्हणजे तीन गुणिले तीन. एक तीन आहेच, दुसरा सहामध्ये लपलेला. पंचविसाला पाच आणि दहा. पण चाराला दोनदा दोन हवेत. एक मिळतो, दुसरा चारातच आहे, आणि चार तर गुणाकाराबाहेर! म्हणजे चारशिवाय दुसरा अपवाद कधी निघणारच नाही."

भाईजानांसमोर मी तिची वही ठेवली. त्यांनी विचारलं, "एकोणपन्नासाला?" ती लगेच म्हणाली, "सात आणि चौदा, अब्बा." फॉर्म सायन्सचाच भरला गेला.

मूळ संख्यांचा हा नियम १७७० साली इंग्लंडमध्ये जॉन विल्सन यांच्या नावाने छापला गेला. पण बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांना तो सात शतकांहून अधिक आधी ठाऊक होता. त्यांचं कोडं असं: दोन ते सहापैकी कशानेही भागलं तरी एक उरतो आणि साताने भाग पुरा जातो, अशी संख्या कोणती? उत्तर ७२१, म्हणजे वरच्या ७२० मध्ये एक मिळवून.

अशा नावांचा अभिमान आपण मुलांना भरभरून देतो. त्याबरोबर वही, पेन्सिल आणि दोन दिवसांची सवडही द्यावी. मूल 'हेच का?' म्हणून अडलं, तर त्याला जरा अडू द्यावं.