पार्व्हो

नेरुळला आमच्या पार्किंगमधलं दोन महिन्यांचं पिल्लू सकाळी खाण्याकडे बघेना. दुपारी उलट्या, रात्री रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब. डॉक्टरांनी विष्ठा तपासली: पार्व्हो. १९७८ साली ओळखला गेलेला विषाणू. त्याला थेट मारणारं औषध त्यांच्याकडे नव्हतं. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक, बाकी पिल्लाची ताकद. अम्मी म्हणाली, नमाजआधी कपडे बदल. सलाईनची बाटली मात्र तिनेच धरली. फरशीला नुसतं फिनाईल पुरत नाही, ब्लीच लागतं. मातीत तर हा महिनोन्महिने टिकतो. पाचव्या दिवशी पिल्लाने शेपूट हलवली. भावंडं दोन, अजून खातायत. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर नजर ठेवा, मग लस. सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुढचे डोसही चुकवू नका.