दाव्याआधी नोंद

भंडारा

प्रिय गुरुजी,



पवनीत इतिहास मंडळ काढायचे तुम्ही मनावर घेतले आहे, हे वाचून फार बरे वाटले. सोबतचा उद्दिष्टांचा मसुदाही नीट वाचला. वस्तुसंग्रहालय, स्मरणिका, व्याख्यानमाला, पर्यटनाला चालना आणि पवनीचा गौरवशाली इतिहास जगापुढे मांडणे, अशी कलमे त्यात आहेत. त्यातले एकही वाईट नाही. पण मंडळाचे जे मुख्य काम असायला हवे, ते मात्र त्यात आलेले नाही. ते काम म्हणजे नोंद ठेवणे. कोणती वस्तू, कोणता कागद, कोणती आठवण कुठे, कोणाकडे आणि कधी मिळाली, हे तारखेनिशी लिहायचे आणि लिहिलेले कोणालाही पाहता येईल अशा रीतीने जपायचे. गौरव मागाहून येईल किंवा येणारही नाही. नोंद मात्र वाया जात नाही. हे तुम्हाला रूक्ष वाटेल, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

सुरुवात पवनीपासूनच करू. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. वैनगंगेकाठच्या या गावात दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप होता, त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली होती, हे त्यातून जगाला कळले. भार वंशातला राजा भगदत्त आणि महाक्षत्रप कुमार रुपियम्म ही नावेदेखील पवनीत सापडलेल्या लेखांतलीच. हे दगड बोलके ठरले, कारण ते कुठले हे ठाऊक होते. तोच दगड कोणी उचलून दुसऱ्या गावच्या देवळाच्या पारात बसवला असता, तर लेख वाचता आला असता, पण तो पवनीबद्दल काही सांगतो हे म्हणायला आधार उरला नसता. नांगराला लागलेल्या नाण्याचेही असेच आहे. शेत कोणते, किती खोल, बरोबर खापरे होती का, विटा होत्या का, हे लिहिलेले असेल तर ते नाणे पुरावा ठरते. नसेल तर सोनाराच्या तराजूत त्याचे जेवढे वजन, तेवढेच त्याचे मोल.

यावर पहिला आक्षेप विद्वानांकडून येईल, आणि तो मानाने ऐकून घ्यायला हवा. हे काम प्रशिक्षित माणसांचे आहे, हौशी लोकांनी त्यात हात घातला की नुकसानच जास्त होते, असे ते म्हणतील. खणण्याच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. मंडळाने कुदळ हातात घेऊच नये. जमिनीत सापडलेल्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असे १८७८ चा कायदा सांगतो. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीवर आणि नोंदणीवर १९७२ च्या कायद्याचे नियंत्रण आहे. सदस्यांनी घरात मूर्ती आणि नाणी साठवणे हा छंद बेकायदा ठरू शकतो आणि अभ्यासालाही तो मारक आहे. पण पवनी हे जुना तट आणि खंदक यांच्या आत आजही नांदते शहर आहे. विद्यापीठाचे उत्खनन एखाद्या हंगामाचे असते, शहराचे खणणे बारमाही चालते. घराचा पाया, गटाराची नाली, नळाची जोडणी, शौचालयाचा खड्डा, यांतल्या प्रत्येक कामात जुन्या थराला हात लागतो आणि त्या वेळी तिथे हजर असतात गवंडी, मजूर आणि शेजारची शाळकरी पोरे. तज्ज्ञ पोचेपर्यंत वर सिमेंट पडलेले असते. म्हणून मोजपट्टी ठेवून फोटो काढणारा, जागा लिहून घेणारा आणि तहसील कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला त्याच दिवशी कळवणारा माणूस गावातलाच असायला हवा. तज्ज्ञाचे काम तो बळकावत नाही, ते शक्य करून ठेवतो.

दुसरा आक्षेप असा की सरकारी दप्तर आहे, गॅझेटियर आहे, मग आणखी वह्या कशाला? गॅझेटियर मी मोलाचेच मानतो. पण ते कोणाच्या नजरेतून लिहिले गेले हे विसरून चालणार नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरची नजर महसुलाची होती आणि महसुलाच्या नजरेला गावात आधी मालगुजार, म्हणजे सारा भरणारा जमीनदार, दिसतो. आपल्या झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, तलावच घ्या. तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याचे नाव आहे आणि त्या तलावांमागे कोहळी समाजाचे कसब आहे, हे सगळे सांगतात. कागदोपत्री मात्र ते मालगुजारी तलाव झाले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे आले. मालकी बदलली, पण पाळ कोणी बांधली, तुडुम (पाणी सोडायचे दार) केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडायचे, सलंगावरून (सांडव्यावरून) पाणी गेले की खालच्या बोडीचा (लहान तळ्याचा) हक्क कसा सुरू होतो, मासेमारीत ढिवर समाजाचा वाटा किती, कोणत्या महिन्यात जाळे टाकायचे नाही, ही सगळी व्यवस्था माणसांच्या डोक्यात राहिली. तिचा थोडा भाग जुन्या वाजिब-उल-अर्जात (गावच्या रूढींच्या नोंदीत) आणि निस्तार पत्रकात (सामाईक वापराच्या हक्कांच्या नोंदीत) उतरला, उरलेला कधी कागदावर आलाच नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांबरोबर बसून तलावांचे, माशांचे, पाणवनस्पतींचे ज्ञान गोळा केले आणि तलाव पुन्हा जिवंत करण्याच्या कामात ते वापरले. आपल्या भागातले असे मंडळ मला आदर्श वाटते ते याचसाठी. ज्यांना कोणी इतिहासाचे जाणकार म्हणून विचारत नव्हते, त्यांनाच त्यांनी जाणकार मानले.

जुन्या कागदांचा आजच्या माणसाला उपयोग काय, असे विचारणाऱ्याला वनहक्क कायद्याचे नियम वाचायला द्यावेत. २००६ च्या या कायद्याखाली गावाने दावा केला की पुरावा म्हणून गॅझेटियर, सेटलमेंटचे अहवाल, वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक हे तर चालतेच. पण जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या खुणा आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही चालतात. गावदेवीची जागा आणि म्हाताऱ्याची आठवण यांना कायद्याने कागदाच्या पंगतीत बसवले आहे. शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावात अभ्यासगट चालवण्याची रीत आधीपासून होती. त्यामुळे आपले म्हणणे शब्दांत आणि पुराव्यानिशी मांडायची गावाला सवय होती. स्थानिक इतिहासाचे मंडळ अशी सवय लावू शकले, तर निवृत्तांचा विरंगुळा म्हणून त्याची बोळवण कोणी करणार नाही.

आता घाई कशासाठी, ते सांगतो. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि पुढे वैनगंगेच्या पाण्याखाली गावेच्या गावे गेली. पुनर्वसनात भूखंड मिळतो, रस्ता मिळतो, शाळेची इमारत मिळते. जुन्या शिवारातल्या बांधांची, घाटांची, पायवाटांची नावे मिळत नाहीत. ती नावे जाणणारी पिढी अजून आहे, पण फार दिवस असणार नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर आलेल्या पुराने भंडारा आणि पवनीतल्या घराघरांत पाणी शिरले. अशा पुरात ट्रंकांमधले खातेउतारे, लग्नपत्रिका, फोटो भिजतात आणि उन्हात वाळवूनही वाचण्यासारखे राहत नाहीत. आणखी एक उदाहरण देतो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे होते आणि पराभूत झाले. निकाल सरकारी दप्तरात आहे. पण कोणत्या गावात सभा झाली, कार्यकर्ते कोणाच्या घरी उतरले, वर्गणी कशी गोळा झाली, मजुरांनी कामाचा खाडा करून प्रचार केला का, हे दप्तरात नाही. त्या वेळी मत देण्याचे वय एकवीस होते, म्हणजे तेव्हाचा सर्वांत तरुण मतदारही आज नव्वदीच्या पुढे गेला. त्या वेळची पोरे अजून भेटतील. त्यांच्याकडे जायला आणखी दहा वर्षे थांबण्यात अर्थ नाही. आणि जाल तेव्हा त्यांचे बोलणे झाडीबोलीतच उतरवा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि झाडीबोलीची चळवळ यांनी या बोलीला लिहिण्याची प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. साक्ष प्रमाण मराठीत घासून घेतली की तिच्यातली नाती, मापे, पिकांची आणि अवजारांची नावे निसटतात.

तुमच्या मसुद्यातला इतिहास राजे, स्तूप आणि किल्ले यांच्यापाशी थांबतो, हेही मला खटकले. स्वीडनचे लेखक स्वेन लिंडक्विस्त यांनी १९७८ साली एक पुस्तक लिहिले. कामगारांनी आपल्याच कारखान्याचा इतिहास कसा शोधावा, हा त्याचा विषय. कंपनीचा इतिहास कंपनी लिहिते. त्या कामातले खरे तज्ज्ञ असलेले कामगार त्यात नसतात, असे त्यांचे म्हणणे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत तीन-तीन पिढ्या राबलेली घरे तुमसर तालुक्यात आहेत. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची ख्याती ज्या हातांनी मिळवली, त्यांची कसबे स्टीलच्या लाटेत मागे पडली. त्यांच्या कामाच्या पद्धती, मजुरीचे दर, आजार, संप, सण यांची नोंद आंबागड किल्ल्याच्या बुरुजांइतकीच ऐतिहासिक आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

सर्वांत अवघड प्रश्न अभिमानाचा आहे. स्थानिक मंडळे गावाच्या प्रेमातून उभी राहतात आणि त्याच प्रेमापोटी पुराव्यापुढे धावतात. कवी मुकुंदराजांचे पाहा. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११०, म्हणजे ११८८ चा मानतात. तो वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला लिहिला गेला असे विदर्भात मानतात, तर मराठवाडा अंबाजोगाईचे नाव घेतो. आपले मंडळ अंभोऱ्याच्या बाजूने ठराव करील, तिकडचे मंडळ अंबाजोगाईच्या बाजूने करील, आणि दोन्ही ठरावांनी ज्ञानात काडीचीही भर पडणार नाही. त्याऐवजी अंभोऱ्याच्या समाध्या, तिथली परंपरा सांगणारी घराणी, सापडतील त्या पोथ्या, यात्रेचे जुने हिशेब यांची नोंद करा आणि विरुद्ध पक्षाचे मुद्देही त्याच वहीत तितक्याच नीट लिहा. काही लोक म्हणतील, अभिमान नसेल तर फुकट काम कोण करील? त्यांचे म्हणणे खोटे नाही. स्वयंसेवकाला पगार नसतो, त्याला ऊब लागते. पण आपल्या हातची नोंद शंभर वर्षांनी कोणीतरी विश्वासाने उघडील, यातही अभिमान वाटण्याजोगे पुष्कळ आहे. खोट्या दाव्याचे दुसरे नुकसान असे की त्याच्यामुळे शेजारचे खरेही संशयित ठरते.

माणसांच्या कागदांबाबत एक सावधगिरी हवी. जातपडताळणीसाठी लोक कोतवाल बुक आणि शाळेचे दाखलखारीज शोधत फिरतात. तुमच्याकडे वंशावळी जमू लागल्या की तुमचेही दार वाजेल. तिथे मंडळाने दाखला देणारे कार्यालय होऊ नये. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरी राहू द्या, त्याच्या लेखी संमतीने प्रत घ्या, आणि घरातली दुखरी गोष्ट कोणी विश्वासाने सांगितली तर ती किती वर्षे बंद ठेवायची हे त्यालाच विचारा. म्हणूनच संग्रहालयाची मला घाई वाटत नाही. वस्तू गावातून उपटून काचेच्या कपाटात आणायला पैसा, पहारा आणि कायमची जागा लागते. यादीला एक जाड वही आणि दोन प्रामाणिक माणसे पुरतात.

अशी मंडळे संस्थापकाबरोबर संपतात, हा शेवटचा आक्षेप, आणि तो खोडणे सर्वांत कठीण. तरी पुण्याकडे पाहा. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि पुढे ते स्वतः त्यापासून दूर गेले. मंडळ मात्र चालत राहिले, कारण दप्तर व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या हाती होते. १९२६ च्या अखेरीस राजवाडे वारले, तेव्हा धुळ्यातल्या मंडळींनी त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी लगेच राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. दोन्हीकडे राजवाड्यांच्या पश्चात कागद टिकले ते त्यांची जबाबदारी घेणारे लोक होते म्हणून. तुम्हीही सात जणांची नोंदणी आणि धर्मादाय कार्यालयातले सोपस्कार जरूर पूर्ण करा. पण त्याआधी यादीची एक प्रत तुमच्या शाळेत, एक सार्वजनिक वाचनालयात आणि एक नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळात ठेवण्याची व्यवस्था लावा. उद्या पवनीतले मंडळ बंद पडले तरी वही दुसऱ्याच्या हाती वाचनीय राहील.

तेव्हा घटनेतले पहिले कलम बदलून असे करावे, अशी माझी सूचना आहे: ‘पवनी तालुक्यातील स्थळे, वस्तू, कागद, कामधंदे व आठवणी यांची ठिकाण, तारीख, सांगणाऱ्याचे नाव व त्याची संमती यांसह नोंद करणे, त्या नोंदीच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे आणि मागेल त्याला त्या विनामूल्य पाहू देणे.’ बाकीची कलमे त्याखाली राहू द्यायला हरकत नाही. ‘गौरवशाली’ हा शब्द तेवढा काढावा. सभेत याला विरोध झाला, तर विरोधाचे मुद्दे मला कळवा. त्यावर पुन्हा लिहीन.



आपला स्नेही