पेडर रोडची चढण आणि आमची वेताळ टेकडी

मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा धावलो तेव्हा 35 किलोमीटरपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग परतीचा पेडर रोड आला. गाडीतून जाताना ती चढण जाणवतही नाही. त्या दिवशी मात्र पाय उचलेनात. साठीतल्या एक बाई शांतपणे पळत पुढे गेल्या आणि मी कमरेवर हात ठेवून चालत राहिलो.

चूक माझीच होती. सगळा सराव कोथरूडच्या सपाट रस्त्यांवर केलेला. पुण्यात राहून टेकडीवर धावलो नाही, म्हणजे नदीकाठी राहून पोहायला न शिकण्यासारखंच!

पुढच्या वर्षी दर मंगळवारी पहाटे वेताळ टेकडी. थोडं वॉर्मअप, मग मुरमाच्या चढावर साधारण एक मिनिट जोरात पळायचं, चालत खाली यायचं, पुन्हा वर. सुरुवातीला असे 4 फेरे, दोन महिन्यांनी 8. पहिल्याच दिवशी माझी दमछाक बघून रोज फिरायला येणारे एक आजोबा म्हणाले, "अहो, एवढ्या ढांगा कशाला टाकताय? छोटी पावलं टाका, नजर समोर ठेवा." नंतर कोचनेही तेच सांगितलं. चढावर घड्याळातला वेग बघायचा नाही, श्वास बघायचा. आणि उतार सोपा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या जे बोलतात ते त्या उतारामुळेच. तोही सराव लागतो.

त्या जानेवारीत पेडर रोड पळत चढलो. वेळ काही फार ग्रेट नव्हती, पण थांबलो नाही.

आता हे सगळं इथे का लिहितोय? तर बालभारती–पौड फाटा रस्त्यासाठी. या टेकडीच्या अंगावरून जाणाऱ्या रस्त्याचा प्रस्ताव कित्येक वर्षं चर्चेत आहे, बोगद्यांचेही प्रस्ताव आहेत. 2023 च्या एप्रिलमध्ये विरोधात मोर्चा निघाला. मी गेलो नव्हतो. खरं सांगायचं तर तेव्हा मला रस्ता हवाच होता. माझं ऑफिस सेनापती बापट रस्त्यावर. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या गर्दीत रोज संध्याकाळी अडकणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे रस्ता मागणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांचा त्रास खरा आहे.

पण मंगळवारी पहाटे वर कोण कोण दिसतं ते बघा. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी घाम गाळणारी पोरं, काहींच्या पायात धड बूटही नाहीत. गुडघ्याला पट्टा बांधून सावकाश चढणाऱ्या काकू. शुगर आटोक्यात ठेवायला येणारे. सगळ्यांना फुकट. याच टेकडीच्या उतारावर पावसाचं पाणी मुरतं, जुन्या खाणीजवळ अजून मोर ओरडतात. जिमच्या ट्रेडमिलला चढ देता येतो, पण भरतीच्या पोराला जिमची फी परवडत नाही.

मेट्रो नळस्टॉपपर्यंत आली आहे. तिथून सेनापती बापट रस्त्यावर नेणारी, दर दहा मिनिटांनी सुटणारी छोटी बस आधी देऊन बघा. नाही जमलं, तर बस बंद करता येते. एकदा फोडलेली टेकडी परत जोडता येत नाही.

माझ्याशी वाद घालायचा असेल तर जरूर घाला. फक्त आधी एकदा टेकडी चढून या. मंगळवारी पहाटे पावणेसहाला मी वर असतो. धावायलाच हवं असं नाही, चालत आलात तरी चालेल. पाणी मात्र आपापलं आणा, आणि बाटली परत घेऊन जा.