मरेकाठचा बन्यिप

ॲडलेडहून मोटारीने पूर्वेकडे निघालो, की तासाभरात मरे ब्रिज हे गाव येते. मरे ही ऑस्ट्रेलियातली सर्वांत लांब नदी. पण इथे इतकी संथ, की वाहते आहे की थांबली आहे, हे पाण्यावरच्या पानाकडे पाहूनच कळावे. काठावरच्या बागेत १९७२ साली बसवलेला एक यांत्रिक बन्यिप आहे. सुरुवातीला त्यासाठी नाणे टाकावे लागे. तो पाण्यातून वर येतो आणि अशी डरकाळी फोडतो, की आमचे नातवंड आधी माझ्यामागे दडले आणि लगेच म्हणाले, "आजोबा, परत एकदा!"

बन्यिप हा डोहात राहणारा अक्राळविक्राळ प्राणी. शब्द व्हिक्टोरियातल्या वेंबा-वेंबा आदिवासींच्या भाषेतला. १८४५ साली तो जिलाँगच्या वृत्तपत्रात छापून आला आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना त्याचे वेडच लागले. १८४७ साली सिडनीच्या संग्रहालयात बन्यिपची म्हणून एक कवटी मांडली. तज्ज्ञांनी पाहिली, तर ती विद्रूप जन्मलेल्या शिंगराची किंवा वासराची! पण कवटी खोटी ठरली म्हणून गोष्ट थोडीच मरते? १९७३ साली जेनी वॅग्नर यांच्या चित्रपुस्तकातला बन्यिप, आपण आहोत तरी कोण, असे भेटेल त्याला विचारत हिंडू लागला. एक विद्वान त्याला सांगतो, की बन्यिप मुळी नसतातच. बिचारा!

मरेकाठच्या नारिंजेरी लोकांचा मात्र हा बन्यिप नव्हे, मुल्यावाँक. मूळचा तो माणूसच. गरजेपुरते मासे धरावेत ही तिथली रीत. याची हाव काही सुटेना, म्हणून तो अर्धा मासा झाला. मुले एकटी पाण्याशी जाऊ नयेत म्हणूनही त्याचेच नाव घेतात.

गोऱ्या लेखकांनी डरकाळी तेवढी उचलली आणि रीत काठावरच ठेवली, असे मला वाटते. पॅट्रिशिया राइटसन यांनी जास्त आस्था दाखवली. दलदलीतला खोडकर पोटकूरोक त्यांनी कादंबरीत आणला. १९८६ साली त्यांना अँडरसन पदकही मिळाले. तरी दुसऱ्यांच्या पूर्वजांची गोष्ट आपण सांगावी का, हा वाद त्यांनाही चुकला नाही.

इकडे वरच्या अंगाला शेतीसाठी पाणी उपसले जात राहिले. १९८१ साली मरेचे मुख वाळूने बुजले. पुढे दुष्काळ आला, आणि २००२ पासून कित्येक वर्षे ड्रेजर लावून वाळू काढावी लागली, तेव्हा कुठे नदी समुद्राला भेटत होती.